तुमचा फोटो दुसऱ्याने ऑनलाइन टाकला, तर कायदा काय सांगतो?

लग्नसराईत हे हल्ली सर्रास दिसतं. स्टुडिओवाला नवरीचे फोटो जाहिरातीसाठी आपल्या इन्स्टाग्राम पेजवर टाकतो आणि घरच्यांना ते पाहुण्यांकडून कळतं. विचारायला गेलं की उत्तर ठरलेलं, ‘फोटो आम्ही काढलाय.’ पण तेवढ्याने हक्क त्याचा होत नाही.

कॉपीराइट कायदा, 1957 नुसार फोटो काढणारा हाच त्याचा कर्ता. म्हणून मित्राने सहज टिपलेल्या फोटोचा कॉपीराइट मित्राकडे, सेल्फीचा आपल्याकडे. मात्र कलम 17 मध्ये अपवाद आहे. कुणाच्या सांगण्यावरून पैसे घेऊन फोटो काढले असतील आणि वेगळा करार नसेल, तर पहिला मालक काम सांगणारा, म्हणजे लग्नाची ऑर्डर देणारा. करार मात्र पावतीवरच्या बारीक अक्षरातही लपलेला असू शकतो. ॲडव्हान्स देण्याआधी ते वाचा, प्रसिद्धीला संमती देणारी ओळ असेल तर खोडायला लावा. दाव्याची वेळ आलीच, तर कलम 62 नुसार तो आपण राहतो तिथल्या जिल्हा न्यायालयात लावता येतो. स्टुडिओ कोल्हापूरचा असला म्हणून बेळगावकराला तिकडे खेटे घालावे लागत नाहीत.

कॉपीराइट दुसऱ्याचा असला तरी चेहरा आपलाच. 2017 च्या पुट्टस्वामी निकालात सर्वोच्च न्यायालयाच्या 9 न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत अधिकार ठरवला. अनिल कपूर यांना दिल्ली उच्च न्यायालयाने 2023 मध्ये, तर अरिजित सिंग यांना मुंबई उच्च न्यायालयाने 2024 मध्ये नाव-चेहऱ्याच्या गैरवापराविरुद्ध संरक्षण दिलं. अर्थात, ते पडले नामवंत. गणपतीच्या मिरवणुकीतल्या गर्दीचा फोटो बातमीत आला म्हणून आपली हरकत टिकणं कठीण. तोच चेहरा कापून दुकानाच्या जाहिरातीत लावला, तर मामला वेगळा.

गुन्हा कधी होतो? गुप्तांगाचा फोटो संमतीविना काढला किंवा पसरवला, तर आयटी कायद्याच्या कलम 66-ई खाली 3 वर्षांपर्यंत कैद किंवा 2 लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. भारतीय न्याय संहितेचं कलम 77 महिलांच्या खासगी क्षणांच्या फोटोंबाबत आहे. फोटो काढू दिला, पण पसरवायला संमती नव्हती, तरी पसरवणारा गुन्हेगारच. आपला फोटो लावून बनावट प्रोफाइल काढून लोकांना फसवलं, तर कलम 66-डी.

असा फोटो दिसताच आधी लिंक आणि तारखेसह स्क्रीनशॉट ठेवा. पोस्ट उडाली की पुरावाही जातो. मग त्या ॲपच्या तक्रार अधिकाऱ्याला कळवा. नग्न फोटो, मॉर्फिंग किंवा तोतयेगिरी असेल, तर 2021 च्या आयटी नियमांनी हटवण्यासाठी 24 तासांची मुदत घातली. घरचं कुणीही ही तक्रार करू शकतं.

पोलीस तक्रार सीईएन ठाण्यात किंवा राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर करता येते. आरोपी चंदगडचा आणि तुम्ही खानापूरचे असलात, तरी ‘हे आमच्या हद्दीत नाही’ असं सांगून परत पाठवता येत नाही. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे झिरो एफआयआर नोंदवून घ्यावाच लागतो.