मोबाईलवर गावाचा एक्यूआय दिसतो, पण तो मोजला कुणी?

हवामानाचं ॲप उघडलं की गावाच्या नावाखाली हवेचा आकडा येतो. कधी ९६, कधी १४२. गावात तर हवा मोजायचं यंत्र कुठेच नाही. मग हा आकडा येतो कुठून?

बहुतेक वेळा तो मोजलेला नसतो, हिशेबाने काढलेला असतो. वारा, तापमान, वाहनं, कारखाने, आगी यांची माहिती संगणकाला देतात आणि तो अंदाज बांधतो. यालाच मॉडेल म्हणतात. युरोपच्या ‘कॅम्स’ या जागतिक मॉडेलचा एक चौकोन साधारण ४० किलोमीटरचा असतो. म्हणजे अख्खा तालुका एकाच आकड्यात बसला!

हा अंदाज खरा की खोटा, हे आधी जमिनीवरच्या केंद्राशी ताडून बघतात. तिथलं यंत्र हवा आत ओढून बारीक धूळ पकडतं आणि मोजतं. आकडा भरवशाचा, पण तेवढ्याच परिसराचा. आणि ही केंद्रं बहुतांश शहरांतच आहेत.

म्हणून उपग्रहाची मदत घेतात. ‘सुओमी एनपीपी’सारखा उपग्रह दुपारी दीडच्या आसपास वरून जातो. धूळ-धुरामुळे सूर्यप्रकाश किती अडतो, ते तो टिपतो. पुण्यात आयआयटीएममध्ये सूर्याकडे रोखलेलं यंत्र आहे, त्याच्याशी उपग्रहाचं माप पडताळता येतं. अडचण अशी, की उपग्रहाला जमिनीपासून वरपर्यंतची सगळी धूळ एकत्र दिसते. आपल्या नाकाजवळ किती, ते थेट कळत नाही. थंडीत सकाळी धूर खालीच दबून राहतो, दुपारी ऊन तापलं की वर पसरतो. वरून बघणाऱ्याला दोन्ही सारखंच वाटू शकतं. आणि ढग आले की काहीच दिसत नाही, त्यामुळे पावसाळ्यात कित्येक दिवस कोरे जातात.

मोठं संकट मात्र चांगलं पकडलं जातं. २३ जानेवारी २०२२ ला मुंबई-पुण्यावर धुळीची चादर आली होती. ती अरबी समुद्रावरून येताना उपग्रहाला दिसली होती. पण शेजारच्या शिवारात संध्याकाळी उसाचं पाचट पेटवलं, तर? उपग्रह दुपारीच निघून गेलेला असतो. पंजाब-हरियाणातही आगी उपग्रहाची वेळ टळल्यावर लावल्या जातात, अशी शंका शास्त्रज्ञांनी मांडली आहे. जी आग हिशेबात आलीच नाही, तिचा धूर मॉडेल कुठून धरणार? घरात चुलीजवळ किती धूर साचतो, ते तर यात दिसतच नाही.

त्यामुळे समोर धूर दिसत असेल आणि ॲपवर हिरवा रंग असेल, तर डोळ्यांवर विश्वास ठेवा. दम्याच्या माणसाला आणि लहान पोरांना घरात घ्या, धुराच्या बाजूच्या खिडक्या लावा.

आणखी एक घोळ होतो. काही ॲप अमेरिकी मोजपट्टी वापरतात. बारीक धूळ (पीएम २.५) घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम असेल तर आपल्या पट्टीवर १०० येतात, अमेरिकी पट्टीवर दीडशेच्या वर. हवा तीच! केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या ‘समीर’ ॲपवर केंद्राच्या नावासकट मोजलेला आकडा मिळतो. ते केंद्र आपल्या गावापासून किती लांब आहे, तेवढं आधी बघून घ्या.