उसनी नजर

1873 साल, बर्लिन. फोटो तेव्हा काचेवर घेत, आणि त्या काचांना निळा रंग तेवढा दिसे; हिरवा-तांबडा म्हणजे जवळपास काळोखच. हेर्मान विल्हेल्म फोगल या रसायनशास्त्राच्या प्राध्यापकांच्या हाती इंग्लंडहून आलेल्या काही काचा पडल्या. त्या हिरव्यालाही जागत होत्या! परावर्तित उजेडाने चित्र फिसकटू नये म्हणून कारखानदाराने त्यांत पिवळा रंग घातला होता. करामत त्याचीच, हे फोगल यांनी ओळखले. प्रकाश शोषायचा रंगाने, बदलायचे चांदीच्या क्षाराने. सौरघटातला 'सेन्सिटायझर', म्हणजे दुसऱ्यासाठी प्रकाश शोषणारा पदार्थ, मूळचा असा फोटोवाल्यांच्या अंधारखोलीतला.

1887 मध्ये व्हिएन्नात जेम्स मोझर यांनी हीच युक्ती विजेच्या इलेक्ट्रोडवर वापरली.

पुढे हे उसने डोळे लाभले टायटॅनियम डायऑक्साइडला, म्हणजे पांढऱ्या ऑइलपेंटमधल्या पुडीला. ती स्वस्त आणि टिकाऊ, पण अतिनील किरणांपलीकडे आंधळी. 1991 मध्ये लोझानच्या ओ'रेगन आणि ग्रेट्झेल यांनी तिच्या सच्छिद्र थराला रुथेनियमयुक्त रंग पाजला आणि अशा सौरघटातून 7 टक्क्यांवर कार्यक्षमता मिळवली. त्याच्या वर्षभर आधी बर्लिनमध्येच तशा थरावर रंगाऐवजी कॅडमियम सल्फाइडचे क्वांटम डॉट, म्हणजे अर्धवाहकाचे अतिसूक्ष्म कण, बसवले गेले होते. त्या शोधनिबंधाचे पहिले लेखक आर. फोगल. आडनाव तेच, शहरही तेच. कादंबरीत हे कुणाला पटले नसते.

रंगाची छटा बदलायची तर रेणूच नवा घडवावा लागतो. क्वांटम डॉटचा नुसता आकार बदलला तरी भागते: कण लहान केला की त्याचे शोषण निळ्याकडे सरकते. एकिमोव्ह यांनी लेनिनग्राडला काचेत आणि ब्रस यांनी अमेरिकेत द्रावणात हे 1980च्या दशकाच्या सुरुवातीला पाहिले. नोबेल मिळायला 2023 उजाडले.

हे डॉट बसवण्याची एक रीत रंगाऱ्याच्या कामासारखी आहे. इलेक्ट्रोड कॅडमियमच्या द्रावणात बुडवा, धुवा, सल्फाइडमध्ये बुडवा, पुन्हा धुवा. प्रत्येक फेरीला कण वाढतो. 'सिलार' नावाच्या या पद्धतीचा 2004 चा बराच उद्धृत होणारा आढावा कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातल्या पठाण आणि लोखंडे यांचा.

अडचण आली ती भोवतालच्या द्रवाची. रंगांच्या घटातले आयोडाइड कॅडमियम सल्फाइडला खाऊन टाकते, म्हणून पॉलिसल्फाइड आणले. त्याच्याशी समोरच्या इलेक्ट्रोडवरच्या प्लॅटिनमचे पटेना. मग त्याच्या जागी पितळेचा पत्रा आला: आधी आम्लाने त्यातले जस्त काढायचे, मग पॉलिसल्फाइड लावायचे. पत्रा काळा पडतो, आणि ते कॉपर सल्फाइडच हवे असते.