औरंगाबादचे मशरू आणि तुराणचे अद्रस : एका वस्त्रसंबंधाचा विचार

नागपूरच्या उत्तरेस खापरखेडा–सावनेरच्या बाजूला कापसाच्या काळ्या जमिनीत वाढलेल्या अभ्यासकास वस्त्राचा इतिहास बहुधा कापसाचे भाव, रेल्वे आणि गिरणी यांच्याच द्वारे परिचित झालेला असतो. वस्त्र कोणी विणले, कोणी परिधान केले आणि कोणासाठी ते विणले गेले, हा त्या इतिहासाचा दुसरा भाग मात्र सहसा मागे पडतो. प्रस्तुत लेखात या दुसऱ्या भागातील एका प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर) येथील मशरू आणि अमुदर्येपलीकडील तुराणात, म्हणजे मुख्यतः आजच्या उझबेकिस्तानात, विणले जाणारे अद्रस या दोन वस्त्रांत जे साम्य दिसते, त्याचा ऐतिहासिक अर्थ कोणता?

प्रथम साम्याचे स्वरूप पाहू. दोन्ही वस्त्रे अर्धरेशमी आहेत. दोहोंत ताणा रेशमाचा व बाणा सुताचा असतो. मशरूची वीण अशी असते की, ताण्याचे रेशीम दर्शनी बाजूस येते आणि सुताचा स्पर्श अंगास होतो. निव्वळ रेशीम पुरुषाने अंगावर घालू नये या इस्लामी धर्मनियमातून ही वाट निघाली. ‘मशरू’ या अरबी शब्दाचा अर्थच मुळी ‘शरीअतीस मान्य’ असा आहे. अद्रसमध्येही ताण्याचे दाट रेशीम बाण्याच्या जाड सुतास झाकून टाकते. वस्त्रावर बारीक आडव्या कण्या उमटतात आणि विणून झाल्यावर ते लाकडी मोगरीने कुटून त्यास चकाकी आणतात. त्याचे खरे वैभव रंगकामात आहे. विणण्यापूर्वीच ताण्याचे धागे ठिकठिकाणी बांधून रंगवितात. त्यामुळे आकृतींच्या कडा ढगासारख्या विरलेल्या दिसतात आणि म्हणूनच या कलेस ‘अब्र’, म्हणजे मेघ, या फारसी शब्दावरून नाव पडले. पाटोळ्याशी परिचित असलेल्या वाचकास ही रीत अनोळखी वाटणार नाही. फरक इतकाच की पाटोळ्यात ताणा व बाणा दोन्ही असे रंगवितात, तर अद्रसमध्ये केवळ ताणा. औरंगाबादचे हिमरू मात्र येथे वेगळे काढले पाहिजे. त्यातही रेशीम व सूत एकत्र येतात, परंतु त्याची नक्षी जादा बाण्याने विणलेली असते व ती किनखापाच्या कुळातील आहे.

या साम्याचा खुलासा करताना स्थानिक परंपरा इ. स. १३२७ कडे बोट दाखविते. महंमद तुघलकाने राजधानी दिल्लीहून देवगिरीस, म्हणजे दौलताबादेस, हलविली तेव्हा त्याच्यासमवेत कारागीरही आले आणि त्यांनी ही कला येथे रुजविली, असे सांगितले जाते. ही कथा आकर्षक आहे, तथापि तीत एक मोठा दोष आहे. सुलतान येण्यापूर्वी या भूमीत माग जणू नव्हतेच, असे तिच्यात गृहीत धरलेले असते. वस्तुतः इ. स. च्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक व्यापारवृत्तांतात पैठण व तेर या नगरांतून भडोचच्या बंदराकडे जाणाऱ्या मालाचा उल्लेख आहे आणि तेरच्या मालात कापडास प्रमुख स्थान आहे. विणकाम हे गोदावरीच्या खोऱ्याचे फार जुने धन आहे. बाहेरून एखादा नमुना अथवा एखादी युक्ती आली असेल, परंतु हात येथलेच होते.

मग तुराणचा संबंध मुळीच नव्हता काय? तसे नाही. तो होता, मात्र त्याचे स्थान निराळे होते. मलिक अंबरने इ. स. १६१० च्या सुमारास वसविलेल्या खडकीस औरंगजेबाने १६५३ मध्ये आपले नाव दिले. पुढे त्याच्या दक्षिणेतील मोहिमांबरोबर या नगरात तुराणी सरदार व शिपाई मोठ्या संख्येने आले. निजामांच्या घराण्याचे पूर्वज ख्वाजा आबिद हे समरकंदाच्या परिसरातून हिंदुस्थानात आलेले होते. १६८७ च्या गोवळकोंड्याच्या वेढ्यात त्यांचा अंत झाला. त्यांचे पुत्र गाजीउद्दीन खान फिरोजजंग यांच्या फौजेत तुराणी शिपायांचा भरणा होता. बाबा पलंगपोश व त्यांचे शिष्य बाबा शाह मुसाफिर हे नक्शबंदी संत बुखाऱ्याजवळील गिज्दुवानकडचे. आज जिला पाणचक्की म्हणून प्रवासी पाहावयास जातात, ती जागा म्हणजे याच परंपरेचा तकिया होय. या संतांचे वृत्त ‘मल्फूजात-इ-नक्शबंदिया’ या फारसी ग्रंथात आले असून सायमन डिग्बी यांनी २००१ मध्ये त्याचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले. जाता जाता एक गोष्ट नमूद करावीशी वाटते. मराठी वाचकास ‘पलंगपोस’ म्हणताच बिछान्यावरील चादर आठवते, परंतु या संताच्या नावातील ‘पलंग’ हा फारसी शब्द असून त्याचा अर्थ बिबळ्या असा आहे. बिबळ्याचे कातडे पांघरणारा तो पलंगपोश. शब्द सारखा दिसला म्हणून अर्थ सारखा नसतो, आणि वस्त्रांच्या बाबतीतही हाच इशारा लागू पडतो.

वरील पुरावा आपणास विणकराकडे नेत नाही, तो वस्त्र परिधान करणाराकडे नेतो. तुराणातून आले ते घोडेस्वार, सरदार आणि फकीर. रेशमी अंगरख्याची आवड व धर्मनियमाची मर्यादा या दोन्ही गोष्टी त्यांनी बरोबर आणल्या आणि दोहोंचा मेळ घालणाऱ्या वस्त्रास या नगरात गिऱ्हाईक निर्माण झाले. त्यातच वस्त्रे देऊन मान करण्याचा दरबारी रिवाज होता. बुखाऱ्याचा अमीर झगा देऊन गौरव करी, मोगल बादशहा खिलत देई आणि आपल्याकडे तर ‘पेशवाईची वस्त्रे मिळाली’ या शब्दांतच अधिकारप्राप्तीचा अर्थ सामावलेला आहे. अशा समाजात माग केवळ बाजारासाठी चालत नाही, तो राज्यव्यवहाराचा एक भाग असतो.

व्यापाराचा ओघ पाहिला तर तो पुष्कळसा उलट दिशेने वाहताना दिसतो. तुराणातून घोडे आले आणि हिंदुस्थानातून मुलतानी व पुढे शिकारपुरी व्यापाऱ्यांमार्फत सुती कापड व नीळ तिकडे गेली. बुखाऱ्यात तांबडा व पिवळा रंग चढविणारे रंगारी वेगळे आणि निळीचे काम करणारे वेगळे. हे दुसरे काम प्रामुख्याने तेथील यहुदी रंगाऱ्यांच्या हाती होते. अद्रसवरील निळ्या मेघांत हिंदी निळीचा अंश होता, ही गोष्ट आपल्या वस्त्रांचे मूळ केवळ बाहेर शोधणाऱ्यांनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे. नावाविषयीही असेच सावध राहावे लागते. जगाच्या बाजारात ‘बुखारा’ म्हणून विकला गेलेला तांबडा गालिचा बुखाऱ्यात विणला जात नसे. तुर्कमेन टोळ्यांतील स्त्रिया तो विणीत आणि बुखाऱ्याच्या पेठेत तो विकला जाई. पेठेचे नाव राहिले, विणणारणीचे गेले.

दोन्ही प्रदेशांतील मागांचा पुढील इतिहास या निष्कर्षास पुष्टी देतो. निजामाची राजधानी १७६३ मध्ये औरंगाबादेहून हैदराबादेस गेली आणि त्या नगरातील मागांचा जवळचा आश्रयदाता दूर झाला. विणकर आले म्हणून कला वाढली असती, तर विणकर तेथे असेपर्यंत ती तशीच नांदली असती. ती क्षीण झाली त्यामागे परिधान करणारा गेला हे मोठे कारण होते. एकोणिसाव्या शतकात आणखी एक आघात झाला व तो दोन्हीकडे जवळजवळ एकाच वेळी झाला. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१–६५) कापसाची टंचाई पडली. इंग्रजांची दृष्टी वऱ्हाड-नागपूरच्या कापसाकडे अधिकच वळली, तर रशियाची तुर्कस्तानच्या कापसाकडे. १८६७ मध्ये नागपुरास रेल्वे आली आणि त्याच वर्षी रशियाने तुर्कस्तानचा स्वतंत्र सुभा स्थापिला. दोन्ही प्रदेश कच्च्या कापसाचे पुरवठादार व गिरणी कापडाचे गिऱ्हाईक बनले. त्या काळचे बुखारी झगे पाहिले तर वर हातमागाचे अर्धरेशमी वस्त्र आणि आत रशियन गिरणीच्या छापील चिटाचे अस्तर असे आढळते. साम्राज्याने झग्यात प्रथम आतून प्रवेश केला, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

तुराणातील ही कला मात्र नामशेष झाली नाही. मार्गिलान येथील केंद्राने अतलस व अद्रस यांची जुनी रीत जतन करण्याचे जे कार्य केले, त्याची युनेस्कोने २०१७ मध्ये अनुकरणीय उपक्रम म्हणून नोंद घेतली. औरंगाबादेत हिमरूचे काम थोड्या मागांवर टिकले आहे. तथापि तेथील मागाची थोरवी सांगावयाची झाली की आजही बहुधा सुलतानाच्या स्थलांतराचीच कथा पुढे येते. ज्याने वस्त्र पांघरले त्याच्या नावे ते विणल्याचे श्रेय लिहिणे हा इतिहास नव्हे. पदव्युत्तर अभ्यासकांनी संग्रहालयातील मशरूचा तुकडा हाती आला, तर त्यावरील चिठ्ठी वाचण्यापूर्वी त्याचा ताणा-बाणा पाहावा, धागे मोजावेत, रंग तपासावा. चिठ्ठी बहुधा मालकाची माहिती देईल. विणकराविषयी जे काही सांगावयाचे आहे, ते त्या धाग्यांतच आहे.