जीन, जिनगर आणि हिराकसाचा काळा

वाशीमकडे कोणी ‘जिनावर गेलो होतो’ म्हणाला, तर तो कापसाची गाडी घेऊन गेला होता असं समजावं. सरकी काढायच्या कारखान्याचं हे नाव इंग्रजी ‘एंजिन’चं शेपूट. पँटीची जीन वेगळी, इटलीतल्या जिनोआ बंदराच्या फ्रेंच नावावरून आलेली. या दोन्हींच्या कितीतरी आधी वऱ्हाडात आलं ते घोड्याच्या पाठीवरचं जीन. इथे त्याचीच कुळकथा सांगायची आहे, आणि त्यातही त्याच्या रंगाची.

आपला जुना शब्द पलाण. संस्कृतातलं पर्याण, प्राकृतातलं पल्लाण, तेच हे. फारशी अमलात त्याच्या शेजारी जीन आणि खोगीर येऊन बसले. खोगीर म्हणजे मुळात घाम धरणारी गादी, कारण फारशीत ‘खोय’ म्हणजे घाम. त्या गादीत जे काही कोंबायचे, ती खोगीरभरती. तंग, रिकीब, लगाम, तोबरा हे सगळे त्याच वाटेने आले. जीन करणारा तो जिनगर. कलईगर आणि रफूगर यांच्यातला ‘गर’ तोच.

1670 च्या अखेरीस अशाच जिनांवर बसून आलेल्या मराठ्यांच्या फौजेने कारंजा लुटलं. आज वाशीम जिल्ह्यात असलेलं हे गाव तेव्हा वऱ्हाडातली मोठी पेठ होतं. त्या फौजेत बारगिराचा घोडा सरकारी, शिलेदाराचा स्वतःचा. घोडा कोणाचाही असो, ऊन, पाऊस आणि घाम यांत चामडं विटायचंच, आणि जिनाला पुन्हा रंग द्यावा लागायचा.

रंग वरून फासायची वस्तू आहे असं आपण धरून चालतो. जुन्या कामात तो आधी चामड्याच्या पोटात भरलेला असे. ढोर समाजातले कारागीर कातडं चुन्यात टाकून केस काढत, मग त्याची पिशवी शिवून टांगत आणि तिच्यात बाभळीच्या सालीचा आणि हिरड्याचा काढा भरत. काढा कातड्यातून पाझरे, खाली साठे, पुन्हा वर ओतला जाई. याला मराठीत ‘कातडं कमावणं’ म्हणतात. मिळवणं आणि टिकाऊ करणं या दोन्हींना आपण एकच क्रियापद वापरतो, आणि या कामाला लागणारे कष्ट पाहता ते रास्तच आहे. अशा चामड्याला तपकिरी, तांबूस छटा आपसूक येते आणि त्याच्या धाग्याधाग्यात साल-हिरड्यातलं टॅनिन मुरलेलं असतं.

आता त्यावर हिराकसाच्या पाण्याचा एक थेंब सोडा. हिराकस म्हणजे लोहाचा क्षार. बघता बघता तपकिरी डाग आधी करडा, मग निळसर काळा होत जातो. ओल्या बोटाने पुसला तरी जात नाही, कारण लोह आणि टॅनिन यांच्या संयोगाने तो काळा रंग चामड्यातच तयार झालेला असतो. पोथ्या-बखरींसाठी हिरडा आणि हिराकस यांची शाई होत असे, ती याच गुणावर. लेखणीचा आणि जिनाचा काळा रंग एकाच घरातला आहे, हे मला फार मोलाचं वाटतं.

हा रंग देताना हात आवरता घ्यावा लागतो. हिराकस जास्त झालं की चामडं कडक होतं, वाळतं आणि दुमडीवर तडकतं. म्हणून रंग बसला की साध्या पाण्याने धुवायचं, सावलीत सुकवायचं आणि थोडं ओलसर असतानाच तेल चोळायचं. शिवाय ही वाट एकाच दिशेची. तपकिरीचं काळं होतं, काळ्याचं तपकिरी होत नाही.

पुढे दोन गोष्टींनी हे ज्ञान मागे पडलं. 1856 मध्ये विल्यम पर्किनला लंडनमध्ये पहिला कृत्रिम रंग सापडला आणि हळूहळू पुडीतले रंग बाजारोबाजारी पोचले. 1884 मध्ये ऑगस्टस शुल्ट्झने अमेरिकेत क्रोमने चामडं कमावण्याचं पेटंट घेतलं. क्रोमच्या चामड्यात झाडाचं टॅनिन नसतं, त्यामुळे हिराकस तिथे हात टेकतं. तोवर घोडदळंही ओसरत चालली होती. जिनगरांपैकी अनेकजण मूर्तिकाम, चित्रकाम, धातुकाम यांकडे वळले. आडनावात मात्र जीन राहिलं.

आज वाशीमकडे घोड्यावर जीन दिसतं ते बहुधा नवरदेवाच्या वरातीत, तेही मखमलीखाली झाकलेलं. पण कोणाच्या माळ्यावर आजोबा-पणजोबांचं जीन पडलं असेल, तर त्यावर डब्यातला तेलरंग फासू नका. तो चामड्याचा श्वास कोंडतो आणि पापुद्र्यांनी निघतो. आधी तंगाच्या पट्ट्याखालची, ऊन न लागलेली जागा पाहा. मूळ रंग तिथे भेटेल. मग गंजका खिळा रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवा आणि त्याचा एक थेंब आतल्या, न दिसणाऱ्या बाजूला सोडा. काळा पडला, तर ते झाडाच्या सालीत कमावलेलं चामडं आहे. ते जपून ठेवा.