साहिब शिहाब : वतन सोडून वाजवत राहिलेला सॅक्सोफोनवादक

नाव ऐकलं की वाटतं, हैदराबाद किंवा लखनौचे कुणी शायर असतील. पण साहिब शिहाब हे अमेरिकेतले कृष्णवर्णीय जॅझवादक. जॉर्जिया राज्यातल्या सव्हाना शहरात २३ जून १९२५ रोजी त्यांचा जन्म झाला. मूळ नाव एडमंड ग्रेगरी. १९४७ मध्ये त्यांनी इस्लाम स्वीकारला आणि हे नवं नाव घेतलं. शिहाब म्हणजे उल्का, आगीचा लोळ. कुरआनातही हा शब्द आला आहे. त्या काळात इस्लाम स्वीकारणारे ते एकटे नव्हते. ढोलवादक केनी क्लार्क लियाकत अली सलाम झाले, आर्ट ब्लेकी यांनी अब्दुल्ला इब्न बुहैना हे नाव घेतलं.

शिहाब यांचं नाव पोस्टरवर मोठ्या अक्षरांत क्वचितच आलं. ते दुसऱ्यांच्या रेकॉर्डवर वाजवणारे कलावंत. स्टुडिओत बोलावणं आलं की जायचं, समोरची स्वरलिपी वाचायची, वाजवायचं, मेहनताना घ्यायचा. याला सेशन म्युझिशियन म्हणतात. कव्हरवर चेहरा दुसऱ्याचा असतो. पण त्या रेकॉर्ड कोणत्या, ते बघा! पियानोवादक थेलोनियस मंक यांची १९४७ आणि १९५१ ची ध्वनिमुद्रणं, जॉन कोल्ट्रेन यांचा नेता म्हणून पहिला अल्बम (१९५७). आधी आल्टो, मग भारदस्त आवाजाचा बॅरिटोन सॅक्सोफोन आणि सोबत बासरी. आधुनिक जॅझमध्ये बासरी आणणाऱ्या सुरुवातीच्या वादकांत त्यांची गणना होते.

मग परदेश का? अमेरिकेतला वर्णभेद त्यांना असह्य झाला होता. १९५९ मध्ये क्विन्सी जोन्स यांचा वाद्यवृंद एका संगीतनाटकासोबत युरोपला गेला, त्यात शिहाब होते. नाटक बंद पडलं, जोन्स कर्जात बुडाले. शिहाब मात्र युरोपातच राहिले. पुढे कोपनहेगनमध्ये घर केलं, डॅनिश मुलीशी निकाह... म्हणजे लग्न केलं (कोणत्या पद्धतीने, तो त्यांचा घरचा मामला), सिनेमा, टीव्ही आणि रंगभूमीसाठी संगीत लिहिलं. हान्स अँडरसनच्या लाल बुटांच्या गोष्टीवर १९६५ मध्ये त्यांनी बॅले रचला. शिवाय कोलोनच्या एका कॅफेमालकाने उभ्या केलेल्या क्लार्क-बोलँड बिग बँडमध्ये ते वर्षानुवर्षं वाजवत होते. वेगवेगळ्या देशांचे वादक एकत्र आणणारा हा ताफा १९७२ मध्ये थांबला.

१९७३ मध्ये शिहाब अमेरिकेला परतले. तिथे पुन्हा तेच पोटापाण्याचं काम : रॉक आणि पॉप गायकांसाठी स्टुडिओत वाजवणं. आमच्या मते ही त्यांच्या आयुष्यातली सर्वांत बोचणारी गोष्ट आहे. युरोपात स्वतःच्या नावाने रचना करणारा माणूस मायदेशी पुन्हा पडद्याआड गेला. नंतरची वर्षं न्यूयॉर्क आणि युरोप अशी ये-जा करण्यात गेली. २४ ऑक्टोबर १९८९ रोजी टेनेसी राज्यातल्या नॅशव्हिल इथे, वयाच्या ६४ व्या वर्षी त्यांचं निधन झालं.

ऐकायचंच असेल तर कोपनहेगनच्या माँमार्त्र क्लबमधल्या १९६३ च्या मैफलीचा ‘साहिब्स जॅझ पार्टी’ हा अल्बम घ्या. त्याच्या कव्हरवर नाव त्यांचंच आहे.