सॉलिड ऑक्साइड फ्युएल सेल: दोन थरांचं एकमेकांशी जमलं नाही तर काय होतं?

२०१३च्या दुष्काळात बीड जिल्ह्यातलं परळीचं औष्णिक वीज केंद्र बंद ठेवावं लागलं. कारण कोळसा नव्हे, पाणी. कोळसा जाळून वाफ करायची, वाफेने टर्बाइन फिरवायचं आणि ती वाफ पुन्हा थंड करायची, तर भरपूर पाणी हवं. गोदावरीवरच्या खडका बंधाऱ्यात ते उरलं नव्हतं.

मग वाफेच्या टर्बाइनशिवाय इंधनापासून वीज मिळेल का? मिळते. सॉलिड ऑक्साइड फ्युएल सेल हेच करतो.

तो चालतो कसा?

यात सिरॅमिकचे तीन थर असतात. हवेच्या बाजूचा कॅथोड ऑक्सिजनचे आयन बनवतो. मधला इलेक्ट्रोलाइट फक्त हे आयन पलीकडे जाऊ देतो. पलीकडे अॅनोडवर त्यांची हायड्रोजन किंवा नैसर्गिक वायूशी प्रक्रिया होते आणि सुटलेले इलेक्ट्रॉन बाहेरच्या तारेतून वाहतात. हीच वीज. तापमान मात्र साधारण ७०० ते १००० अंश सेल्सिअस लागतं.

अडचण कुठे आहे?

इलेक्ट्रोलाइट बहुधा यिट्रिया मिसळलेल्या झिर्कोनियाचा असतो. दातांच्या कॅपला वापरतात तेच झिर्कोनिया. त्यावर कॅथोडचा थर देऊन भट्टीत भाजतात. कॅथोडमध्ये लॅन्थॅनम आणि स्ट्रॉन्शियम असतात. तापमान फार वाढलं की ते झिर्कोनियाशी संयोग पावतात आणि लॅन्थॅनम झिर्कोनेट किंवा स्ट्रॉन्शियम झिर्कोनेट तयार होतं. या संयुगांतून आयन नीट जात नाहीत. नकोसा थर अगदी पातळ असला तरी वीज घटते.

शिवाय तापल्यावर दोन्ही थर सारखेच प्रसरण पावले पाहिजेत. नाहीतर तडे जातात किंवा थर सुटतो.

उपाय काय?

लॅन्थॅनम मँगनाइटच्या कॅथोडमध्ये लॅन्थॅनम मुद्दाम थोडं कमी ठेवतात. कोबाल्ट-लोह असलेले कॅथोड कमी तापमानालाही चांगले चालतात, पण झिर्कोनियाशी लवकर बिघडतात. म्हणून मध्ये गॅडोलिनियम मिसळलेल्या सेरियाचा पातळ थर देतात. मात्र हाही थर जास्त भाजला तर झिर्कोनियात मिसळू लागतो. म्हणून कमी तापमानात थर देण्याच्या पद्धती महत्त्वाच्या ठरतात. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात अशा सेरियाचे पातळ थर फवारणीच्या पद्धतीने, म्हणजे स्प्रे पायरोलिसिसने, तयार करण्यावर संशोधन झालं आहे.

लक्षात काय ठेवायचं?

पहिला असा सेल १९३७मध्ये बाउर आणि प्राइस यांनी चालवून दाखवला. तो चालतो, यात शंका नाही. खरा प्रश्न टिकण्याचा आहे. कायम बसवायच्या यंत्रासाठी अनेकदा ४०,००० तासांचं, म्हणजे सुमारे साडेचार वर्षांचं उद्दिष्ट धरतात. त्यामुळे ‘पाण्याशिवाय वीज’ अशी पोस्ट दिसली, तर पुढे पाठवण्याआधी एवढंच विचारा: हा सेल किती तास चालला, आणि तेवढ्यात वीज किती घटली?