‘प्राण’ गेला, चित्र उरले

भुताच्या गोष्टीला एक खोड असते. सांगणाऱ्याच्या तोंडून ती निघते तेव्हा लहानशी असते, आणि ऐकणाऱ्याच्या घरी जाऊन बाळसे धरते. पारावरच्या म्हाताऱ्याने ‘पिंपळाखाली काहीतरी हलले’ एवढेच म्हटलेले असते. पण गावाच्या वेशीपर्यंत पोचता पोचता त्या ‘काहीतरी’ला उलटे पाय आणि मोकळे केस फुटलेले असतात. भुतांच्या चित्रपटांचेही असेच आहे. पडद्यावरचे भूत तास-दीड तासात संपते, पण पडद्यामागचे भूत वर्षानुवर्षे वाढत राहते.

याचा उत्तम मासला म्हणजे ‘नोस्फेराटू’ हा जर्मन मूकपट. ४ मार्च १९२२ रोजी बर्लिनच्या प्राणिसंग्रहालयातील एका दिवाणखान्यात तो थाटामाटाने प्रथम दाखवला गेला. दिग्दर्शक मुर्नाऊ, आणि रक्त पिणाऱ्या काउंट ऑर्लॉकच्या भूमिकेत माक्स श्रेक. टक्कल पडलेले डोके, वटवाघळासारखे कान, उंदरासारखे पुढे आलेले दोन दात आणि हातभर नखे असे ते ध्यान एकदा पाहिले की विसरणे कठीण.

या चित्रपटाची निर्मिती करणाऱ्या संस्थेचे नाव ऐकून मराठी वाचकाला मौज वाटेल. ते होते ‘प्राण फिल्म’. हा प्राण आपलाच, उपनिषदातला. संस्थेचा एक चालक आल्बिन ग्राऊ हा चित्रकार होता आणि त्याला गूढविद्येचा भारी नाद. पात्रांचे पोशाख, नेपथ्य, जाहिरातीची चित्रे, सारे त्याच्याच हातचे. पहिल्या महायुद्धात आपल्याला एका सर्बियन शेतकऱ्याने स्वतःच्या बापाचे पिशाच्च झाल्याची हकीकत सांगितली आणि त्यातून हे चित्र सुचले, असे त्याने जाहिरातीच्या वेळी छापून आणले होते. खरे काय ते तोच जाणे. पण चित्र लोकांपुढे येण्याआधीच त्याच्याभोवती आख्यायिका रचायला सुरुवात झाली होती, हे मात्र खरे.

पुढे सर्वांत मोठी आख्यायिका जन्मली ती श्रेकभोवती. जर्मन भाषेत ‘श्रेक’ म्हणजे भीती, धसका. एवढे नाव पुरे झाले. हे नाव खोटे असणार, हा कोणी नटच नव्हे, मुर्नाऊने खरोखरीचे पिशाच्च धरून आणले, अशी कुजबुज सुरू झाली. अदो किरू या समीक्षकाने १९५३ साली ही कल्पना थोड्या खेळकरपणे कागदावर उतरवली, आणि २००० साली तर ‘शॅडो ऑफ द व्हॅम्पायर’ नावाचा अख्खा चित्रपट तिच्यावर निघाला. त्यात विलेम डफो या नटाने पिशाच्च असलेला श्रेक रंगवला.

खरा श्रेक कोण होता? १८७९ साली बर्लिनमध्ये जन्मलेला, माक्स राइनहार्टच्या नाटकमंडळीत तयार झालेला, नटीशी संसार थाटलेला, म्युनिकच्या रंगभूमीवर वर्षानुवर्षे लहानमोठ्या भूमिका करणारा कष्टाळू नट. १९ फेब्रुवारी १९३६ च्या रात्री दुसऱ्या एका नटाच्या जागी ऐनवेळी उभे राहून त्याने शिलरच्या ‘डॉन कार्लोस’मधली भूमिका केली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे तो हृदयविकाराने गेला. जन्मभर तोंडाला रंग फासून पोट भरणाऱ्या माणसाने एक भूमिका इतकी जिवंत केली, की लोकांनी तिचे श्रेय त्याला न देता भुताला देऊन टाकले! नटाचा गौरव म्हणावा तर आहे, आणि अन्याय म्हणावा तर तोही आहे.

आता पडद्यावरच्या गमती पाहू. कथेचा नायक हुटर डोंगरातल्या खाणावळीत उतरतो, तेव्हा बाहेर माणसाचा झालेला लांडगा हिंडत असल्याची सर्वांना धास्ती असते. आणि पडद्यावर येते काय? पट्टेवाले तरस! जर्मन प्रेक्षकाला ते अद्भुत वाटले असेल. आपल्या माळरानावरचा धनगर मात्र ते बघून हसेल.

दुसरी गोष्ट उजेडाची. सूर्यकिरण लागताच रक्तपिपासू पिशाच्च नष्ट होते, हे आता शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. पण ही समजूत पुराणी नव्हे. ब्रॅम स्टोकरच्या १८९७ च्या ‘ड्रॅक्युला’ कादंबरीत काउंट भर दिवसा लंडनच्या रस्त्यावर फिरतो. त्याचा अंत होतो तो सुरीने आणि चक्क गुरख्यांच्या कुकरीने. उन्हाने मरण ही ‘नोस्फेराटू’चीच देणगी. आणि दैवाचा खेळ असा, की याच चित्रात पिशाच्च उन्हात फिरताना दिसू लागले. त्या काळच्या फिल्मवर रात्रीचे दृश्य नीट उमटत नसे. म्हणून दिवसा चित्रण करून मग ती फिल्म रात्रीसाठी निळ्या रंगात बुडवीत. पुढे नुसत्या काळ्या-पांढऱ्या प्रती निघाल्या, निळा रंग गेला, आणि काउंटसाहेब स्वतःची शवपेटी काखेत मारून लख्ख दुपारी गावातून चालू लागले!

पण या चित्राची खरी थरारक कथा भुताची नाही, कज्जाची आहे. ‘प्राण फिल्म’ने ‘ड्रॅक्युला’चे कथानक उचलले, पात्रांची नावे बदलली, पण हक्क मात्र विकत घेतले नाहीत. नावे लपवाछपवीसाठी बदलली असे म्हणावे, तर खुद्द चित्राच्या नामावलीतच स्टोकरच्या कादंबरीचा उल्लेख! स्टोकर १९१२ सालीच वारला होता. त्याची विधवा फ्लॉरेन्स लंडनमध्ये बेताच्या मिळकतीत राहत होती. चित्राची बातमी कोणी निनावी पत्राने तिला कळवली, आणि लेखकांच्या संघाच्या मदतीने तिने लढा मांडला. तोवर ‘प्राण’चे दिवाळे निघाले होते, पैसे मिळण्याची आशा नव्हती. तेव्हा तिने चित्रच नष्ट करा, असा हट्ट धरला. जुलै १९२५ मध्ये बर्लिनच्या न्यायालयाने सर्व प्रती नष्ट करण्याचा हुकूम दिला.

हुकूम पुरता पाळला गेला असता, तर आज हे चित्र पाहायला मिळाले नसते. परंतु काही प्रती आधीच परदेशी गेल्या होत्या. पॅरिसमध्ये जपून राहिलेल्या एका रंगवलेल्या प्रतीवरून २००६ साली त्याचा जीर्णोद्धार झाला, आणि काउंटाला त्याची निळी रात्र परत मिळाली.

चित्र वाचले याचा आनंद कोणाला होणार नाही? तरीही फ्लॉरेन्सबाईंना खलनायिका ठरवण्याची जी रीत पडली आहे, ती मला पटत नाही. तिने नवऱ्याच्या श्रमाचे मोल मागितले. ते न मिळाल्यावर तिच्या हाती उरले होते तेवढे हत्यार तिने वापरले. स्टोकरचे श्रम कंपनीने फुकट घेतले आणि श्रेकचे श्रम अफवेने भुताला वाहिले. दोन्हीकडे राबणारा माणूसच विसरला गेला.

स्टोकरचे ऋण पुढे थोडेफार फिटले. १९६२ साली ब्रिटनमध्ये ‘ड्रॅक्युला’वरचे हक्क संपले, आणि १९७९ मध्ये वेर्नर हेरत्सोगने ‘नोस्फेराटू’ नव्याने काढला तेव्हा काउंटाचे मूळचे ‘ड्रॅक्युला’ हे नाव त्याला परत दिले. श्रेकचे ऋण फेडणे मात्र प्रेक्षकाच्या हाती आहे. जिन्यावर ती लांब नखांची सावली चढू लागली, की खुशाल घाबरावे. पण ही सावली एका नटाची आहे, हे ध्यानात ठेवून घाबरावे.